वरच्या मजल्यावर अडकलेली गल्ली

आमचे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, सुतार. हात सोन्याचा, पण चाल गोगलगायीची. काहीही विचारा, उत्तर एकच, "सावकाश!" म्हणून लोक त्यांना सावकाश सुतारच म्हणायचे. "लाकडाला घाई केली की ते रुसतं," असं ते सांगायचे. त्यावर ताई म्हणायची, "लाकडाचे रुसवे बरे कळतात यांना!"

गल्लीच्या टोकाला छापखान्याचं जुनं घर. गावाचं पहिलं वर्तमानपत्र तिथंच निघालं. ते पाडायचं ठरलं, कारण वरचा मजला म्हणे माणसांचा भार पेलणार नाही. झालं! ते वाचवायला अख्खी गल्ली कंबर कसून उठली. कुणी कौलं बसवली, कुणी भिंती लिंपल्या. तुळया मात्र दाजींकडे. सगळे म्हणाले, लोखंडी घाला. दाजी हटून बसले.

"जुन्याच राहतील. किडलेलं काढून जोड देतो. मजला हलला तर हत्यारं विहिरीत टाकीन."

"आणि मग खाल काय? शब्द?" ताई म्हणाली.

मजला तपासायला सरकारी साहेब यायचे होते, त्या सकाळी आम्ही सगळे वर गेलो. निमित्त पडदे लावायचं, खरं म्हणजे तिथून आपापलं घर कसं दिसतं ते बघायचं! दाजी खाली जिन्याला व्हार्निश लावत होते. जगातला प्रत्येक कारागीर वरून खाली येतो. आमचे दाजी खालून वर! का, तर पाहुण्याला आधी दिसते ती खालची पायरी, म्हणून पहिला मान तिचा. लावत लावत वर पोचले, वळून बघतात तो काय, परतीची वाट ओलीचिंब!

तेवढ्यात खालून साहेबांचा आवाज. "अहो, उतरा सगळे! मजला कोसळेल!"

"उतरणार कसे? जिना ओला आहे!" आम्ही वरून ओरडलो.

"वाळायला किती वेळ?"

"सावकाश!" दाजी म्हणाले.

काय हशा उसळला म्हणता! ज्यांच्याखाली घरची खाट टिकत नाही ते गिरणीवाले काका हसता हसता धपकन खाली बसले. दाजींनी डोळे मिटले. ताईनं चारचौघांत त्यांचा हात धरला.

खाली साहेब छताकडे बघत होते. धुळीचा कणसुद्धा पडला नाही.

"पुन्हा बसा हो!" साहेब ओरडले.

काका पुन्हा बसले. मग शिंपीणबाईंनी उडी मारली, मी मारली, ताईनं मारली. "आता सगळे एकदम!" साहेब खालून. काय तो दणदणाट! शेवटी साहेबांनाच राहवेना. "थांबा, मीपण आलो!" म्हणत त्यांनी पहिल्या पायरीवर बूट ठेवला.

"साहेब, सावकाश!" दाजी किंचाळले. इतक्या घाईनं म्हटलेला तो त्यांचा एकमेव 'सावकाश'.

घर उभं आहे, हत्यारं पेटीत आहेत आणि पायरीवर साहेबांच्या बुटाचा ठसाही आहे. ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवते.

"काढायचाय तो," दाजी म्हणतात. "काढतो सावकाश."