तीन देवांची बोट

नोकरीत भानगडी खूप पाहिल्या आणि निवृत्तीनंतर त्यातल्या बहुतेक विसरलोही. ठाण्याच्या आवारात उभी राहिलेली ती पांढरी बोट मात्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा हेब्बाळच्या बाजूला एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं, त्यामुळे घरी मराठी आणि ठाण्यात कन्नड. म्हणूनच मराठीतून बोलणारं कुणी आलं की हवालदार त्याला थेट माझ्या टेबलापाशी आणून उभं करायचे.

दसऱ्याच्या आधी अशाच एक बाई आल्या. मूळच्या नागपूरच्या. नवऱ्याने कारखान्यातली नोकरी सोडून जवळच्या तळ्यावर बोटिंगचा ठेका घेतला होता. सगळी भिस्त एका जुन्या मोटरबोटीवर. ती त्यांनी इंदिरानगरच्या एका दलालाकडून घेतली होती. सुट्ट्यांत बोटिंग सुरू व्हायचं, तोच एक गृहस्थ दारात हजर. बोट माझी आहे, चोरीला गेली होती, मुकाट्याने परत द्या, नाहीतर चोरीचा माल घेतला म्हणून आत जाल, असा त्याचा दम. नवरा इतका हादरला की बोट देऊन मोकळा व्हायला निघाला. बाई त्याला न सांगता ठाण्यात आल्या होत्या.

"तो माणूस रोज येऊन राहिला, साहेब," त्या म्हणाल्या. "आमचं चुकलं असंन तर आम्हाला आत टाका. पण खरं काय ते मला समजू द्या."

चोरीचा माल घेणारा स्वतःच्या पायांनी ठाण्यात येत नाही. मला बाईंचं बोलणं तिथेच पटलं.

नवऱ्याला बोलावून घेतलं. "मूळ बिल पाहिलंत?" मी विचारलं.

"नाही. त्याने स्टँप पेपरवर लिहून दिलं होतं, बोट माझी आहे म्हणून."

"त्याच्याआधी ती कुणाची होती? कुठे चालायची?"

त्याने तोच स्टँप पेपर पुन्हा माझ्यापुढे सरकवला. मला रागही आला आणि कीवही. "अहो, मुलीला स्थळ बघताना गावभर चौकशी करता, आणि बोट घेताना एक प्रश्न नाही?" असं म्हणालो खरा, पण त्याचा पडलेला चेहरा पाहून पुढचं गिळलं.

पंचनामा करून बोट जप्त केली, लॉरीवर घालून ठाण्यात आणली आणि त्या दावेदाराला बोलावलं. इस्त्रीचा सफारी, हातात फाइल. मूळ बिल त्याच्याच नावाचं, इंजिनाचा नंबर जुळणारा. म्हणाला, बोट नवी घेतली, धरणाकाठच्या माझ्या शेतावर होती, गेल्या महिन्यात चोरीला गेली. मधे कुणाला विकली नाही, चालवायलाही दिली नाही.

"चोरीची तक्रार कुठल्या ठाण्यात दिलीत?"

"म्हटलं आधी स्वतः शोधू. पोलिसांना कशाला त्रास?"

पोलिसांवर इतकं प्रेम करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्याचा जबाब शब्दन्‌शब्द लिहून घेतला आणि खाली सही घेतली. पण संशयावर कोर्ट चालत नाही. दसऱ्याच्या सुट्टीनंतर कोर्ट उघडलं की हा अर्ज करणार आणि बोट घेऊन जाणार, हे उघड होतं. दलाल दुकानाला कुलूप लावून पसार झाला होता.

मधे आयुधपूजा आली. त्या दिवशी आमच्याकडे बंदुका, जीप, मोटरसायकली, सगळं धुऊन झेंडूच्या माळा घालतात. आमच्या वयस्क हेड कॉन्स्टेबलला सगळे अण्णा म्हणायचे. ते म्हणाले, "सर, बोटही वाहनच. आवारात आलीय, तिला उपाशी ठेवायचं?" मी म्हटलं, सरी, बरं तर, तिलाही धुवा.

पाणी पडलं, तिरकं ऊन आलं आणि ओल्या रंगावर मला काही उंचवटे दिसले. नागपूरकरांनी लिहून घेतलेल्या 'श्री रेणुका'च्या बरेच खाली. हाताचं बोट फिरवलं तर अक्षरं लागली. आतल्या रंगात कुणीतरी जाड ब्रशने आणखी काही लिहिलं होतं.

"वरचा रंग खरवडा," मी म्हणालो. कुणी जागचं हलेना.

"सर, सुरुवातीला 'श्री' लागतंय हाताला," अण्णा म्हणाले. "देवाचं नाव दिसतंय. आज नको. खरं सांगू? उद्याही नको."

मी चिडलो, मग हसू आलं. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, ते आठवलं. समोरच्या दुकानांतून पंच बोलावले आणि त्यांच्यासमोर तेच केलं. कन्नड अक्षरं उमटली: श्री मुनेश्वर. त्याच्या खाली, वेगळ्या वळणाची: श्री कोलारम्मा. म्हणजे बोटीने आधी दोन घरं केली होती. ती काही चोरीनंतरच्या एका महिन्यात होत नाहीत, तेव्हा सफारीवाल्याचा सही केलेला जबाब खोटा होता.

मुनेश्वराची देवळं बेंगळुरात गल्लोगल्ली. पण कोलारम्मा कोलारची. माणूस पाठवला आणि तिथल्या एका तळ्यावर बोट चालवलेला गृहस्थ सापडला. त्यानेही बोट याच दलालाकडून घेतली होती. मग हाच सफारीवाला बिल घेऊन आला, तुरुंगाची भीती घातली आणि बोट घेऊन गेला. बिचारा अब्रूच्या भीतीने गप्प बसला. ठाण्यात त्याने सफारीवाल्याला पाहताक्षणी ओळखलं.

दलाल बेळ्ळंदूरला मेव्हण्याकडे सापडला. मी त्याला दमदाटी केली नाही. चहा दिला आणि सहज विचारलं, "रंग कुणी दिला?"

"मीच, सर."

"मग खालची नावं स्वल्प खरवडायची ना, शहाण्या. सुटला असतास."

"देवाचं नाव कसं खरवडणार, सर? पाप लागलं असतं."

बोलून गेला आणि स्वतःच थिजला. अण्णा तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले. पुढे जबाब आपोआप आला. मालक आणि दलाल दोघे एक, बोट एकच, तीच फिरवून फिरवून विकायची. मुनेश्वरवालाही त्यानेच दाखवला. माणसांना बुडवताना हा कधी कचरला नाही, देवापुढे मात्र कचरला. माणूस पूर्ण वाईट नसतो, आणि पोलिसांचं काम बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं.

दोघे आत गेले. आधीच्या दोन्ही खरेदीदारांनी कोर्टात आमची हरकत नाही असं सांगितलं आणि बोट नागपूरकरांना मिळाली. तेव्हापासून जुनं वाहन घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आलोय, कागद बघाच, पण आधीच्या मालकाच्या दारात जाऊन चहा पिऊन या. बिल फक्त पहिला मालक सांगतं. मधली माणसं सांगत नाही.

बोटिंग सुरू झालं त्या दिवशी बाईंनी आम्हा सगळ्यांना तळ्यावर बोलावलं. कोलारचा गृहस्थ पहिल्या फेरीत बसला होता आणि रडत होता. बोटीला नवा रंग होता आणि त्यावर ठळक अक्षरांत तीन नावं होती: श्री कोलारम्मा, श्री मुनेश्वर, श्री रेणुका.

"बोट आधी कुणाकुणाची होती, ते आता कुणाला विचारायला नको, साहेब," बाई म्हणाल्या.

अण्णांनी बोटीला हात जोडले. मी वर्दीत होतो, म्हणून सॅल्यूट ठोकला.