क्रतूच्या पुढचे दोन डाग

आमच्या घरात आकाशाचं वेड माझ्या बायकोला. ती शाळेत विज्ञान शिकवायची, मी बँकेत कारकून. गंगापूर रोडच्या आमच्या गच्चीवरून दिव्यांच्या उजेडात फारसं काही दिसत नसे, म्हणून उन्हाळ्यात अमावास्येच्या आसपास आम्ही गाडीत दुर्बीण टाकून शहराबाहेर पेठच्या रस्त्याला जायचो. सप्तर्षी वर आले की ती त्यातल्या पुलस्त्य ताऱ्यापासून क्रतूकडे रेघ धरायची, तेवढंच अंतर पुढे जायची आणि दोन दीर्घिका मला दाखवायची. एक लांबट गोल, दुसरी काडीसारखी. मला ते पुसट डागच वाटत. ती मात्र तिथून हलायची नाही.

मग संध्याकाळची ती अडखळू लागली. द्वारका चौकात रिक्षातून उतरताना फुटपाथची कड दिसली नाही आणि पडली. चष्म्याचा नंबर वाढला असेल, म्हणाली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, आनुवंशिक. आधी अंधारातलं जातं, मग कडेचं, पुढे दिवसाचंही.

"औषध?" मी विचारलं. "नाही," ते म्हणाले.

त्या एप्रिलमध्येही तिने जायचा हट्ट धरला. दुर्बीण हाताच्या सवयीने जोडली, पण दीर्घिका शोधायला मला लावलं. बऱ्याच वेळाने त्या सापडल्या. ती वाकून डोळा लावून उभी राहिली.

"दुर्बिणीतून बाहेर सरकल्या का रे?"

मी पाहिलं. दोन्ही मधोमध होत्या. तसं सांगितलं.

तिने पुन्हा डोळा लावला. "सगळं काळंच आहे. तू सांग, कशा दिसतायत?"

"एक गोल आहे. एक काडीसारखी." त्यापुढे मला सांगता येईना. तिने दुर्बिणीचं झाकण लावलं. "चल, घरी जाऊ."

नंतर दुर्बीण तिने शाळेला देऊन टाकली. फळ्याच्या कडा दिसेनाशा झाल्या तेव्हा नोकरीही सोडली.

आमची मुलगी पुण्यात असते. संध्याकाळी स्कूटीवर समोरचे दिवे डोळ्यांत घुसतात, असं ती फोनवर म्हणाली, तेव्हा तिची आई लगेच म्हणाली, "उद्याच डॉक्टरकडे जा." परवा रिपोर्ट आला. तोच आजार.

"अंधार पडल्यावर गाडी काढू नकोस म्हणावं तिला," बायको मला म्हणाली. दुसरं सांगण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं.