चादर पांघरलेला फ्रिज

"दार लावा की. थंडी चाललीया."

अव्वांचा फ्रिज उघडला की हे कानावर यायचंच, मग उघडणारा घरचा असो की आमच्यासारखा शेजारचा. दार लागलं तरी कडेचं रबर नीट चिकटलं का, ते त्या बोटानं चाचपून बघत.

सत्तरच्या दशकात सोलापुरात आमच्या गल्लीत फ्रिज एकच, तो अव्वांचा. त्या मैंदर्गीच्या, बोलता बोलता कानडीत शिरणाऱ्या. घरचेच चादरींचे माग. फ्रिज आल्या आल्या त्यांनी काय करावं? त्याला चारी बाजूंनी चादर गुंडाळली. थंडी आत कोंडून राहील आणि वीज कमी लागेल, हा हिशेब. थोड्याच दिवसांत फ्रिज तापून बंद पडला.

मेकॅनिकनं समजावलं, की फ्रिजच्या भिंतींत काचेची लोकर आधीच भरलेली असते, आणि आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर पडते, तेवढी जाळी झाकू नका. अव्वांनी पाठ मोकळी केली. बाकीची चादर मात्र हलली नाही. "आत लोकर आसंल. पर सोलापूरचं ऊन तिला कुटं ठाव हाय?" आम्ही पोट धरून हसलो.

माझ्या बायकोला मधुमेह. तिच्या इन्सुलिनची बाटली त्याच फ्रिजात असायची. एकदा ऐन मे महिन्यात सकाळीच वीज गेली. बाटली ती एकच, दुसरी पुण्याहून यायची होती, आणि तापलं तर औषध वाया, असं डॉक्टरांनी बजावलेलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. अव्वांनी फ्रिजपुढे पाट मांडला आणि दाराला पाठ लावून बसल्या.

दुपारी नेमके त्यांचे जावई आले, घामाघूम होऊन. फ्रिजातलं गार पाणी मागितलं. जावयाला नाही म्हणणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. घरातले सगळे अव्वांकडे बघू लागले.

"माठातलं प्या, जावईबापू. आज ह्यो फ्रिज आजारी माणसाचा हाय."

जावई रुसले. अव्वा हलल्या नाहीत. जेवणसुद्धा त्यांनी पाटावर बसूनच उरकलं.

दिवेलागणीला वीज आली. अव्वांनी बाटली काढून बायकोच्या तळहातावर ठेवली. ती गार होती. मला रडूच फुटलं. जावयांच्या रुसव्याबद्दल मी काहीतरी पुटपुटलो, तर अव्वा म्हणाल्या, "त्येंचा राग उतरंल की, मास्तर. औषध बिघडलं आसतं तर?"

अव्वा जाऊन बरीच वर्षं झाली. हे लिहितो आहे, तर बायको समोर शेंगा फोडत बसली आहे, आणि अव्वांबद्दल नीट लिहा म्हणून बजावते आहे.