रुमाल टाकलेली जागा

अल्बेनियाला जायचं आमच्या ह्यांनी ठरवलं होतं. कारण साधं: स्वित्झर्लंडला सगळेच जातात, आणि तिथे कॉफी मागवायची तरी आधी खिसा चाचपावा लागतो. हे कायम असंच निवडत. ह्यांच्या कारखान्यातल्या नोकरीपायी वीसेक वर्षांपूर्वी आम्ही नाशिकहून मैसूरला आलो. पाहुणे आले की राजवाडा राहायचा बाजूला आणि हे त्यांना बसने बेट्टदपुरला नेऊन टेकडीवर चढवायचे. "तिथे गर्दी नसते," एवढंच म्हणणं. पाहुणे गुडघे चोळत खाली येत आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या नातेवाइकांकडे जात.

बसचा आमचा ठरलेला रिवाज होता. बस फलाटाला लागली की हे खिडकीतून आत रुमाल टाकत. निळ्या चौकटीचा, नाशिकपासूनचा. मी चढून रुमालाशेजारी बसायचं आणि ह्यांनी पाणी, केळी, पेपर आणायला जायचं. गाडी हलल्याशिवाय चढायचं नाही अशी जणू शपथच घेतलेली. तोवर दहाजण विचारणार, "इल्ली यारादरू बर्तारा?", इथे कुणी येणार आहे का, आणि मी मान डोलवत त्या फडक्याची राखण करणार. जळफळाट व्हायचा माझा. शेवटी चालत्या गाडीत चढून वर हसत म्हणायचे, "आलो की नाही?"

दोन वर्षांपूर्वी हे गेले. सकाळी फिरायला म्हणून निघाले, आमच्या विजयनगर वस्तीतल्या पाण्याच्या टाकीजवळ बाकावर बसले आणि उठलेच नाहीत.

लोकांना हे सगळं इतरांनीच कळवलं. माझ्या तोंडून ते वाक्य कधी निघालंच नाही. गॅसवाला, बँकेतली मुलगी, कुणीही विचारलं, "सर आहेत का?" की मी म्हणे, "बाहेर गेलेत." खोटं आहे हे मला कळत होतं. पण जीभच वळेना. ह्यांच्या वहीत अल्बेनियाची पानं होती: घरगुती खोल्या कुठे स्वस्त, कुठल्या चौकातून गाडी मिळते. मुलीकडे जर्मनीला जायचंच होतं, तिथून पुढे आठ दिवस एकटीने जायचं मी ठरवलं. वाटलं, ओळखीचं कुणी नसेल तिथे तरी एकटी आहे म्हणायला जमेल.

मुलगी म्हणाली, "आई, ग्रुपबरोबर जा ना." शेजारच्या आजी मैसूरच्या जुन्या मराठी लष्करी घराण्यातल्या. त्या म्हणाल्या, "येकटी यवढं लांब कशाला गं? सुम्ने, गप घरी रहा की. ऊटा तरी नीट मिळतंय का तिकडं?"

जेवण उत्तम मिळालं. बाकीचं अवघड गेलं. बेरात नावाच्या गावात मी एका बाईंच्या घरी खोली घेतली होती. अंगणात द्राक्षाचा मांडव, समोर डोंगरउतारावर पांढरी घरं. संध्याकाळ झाली की तिथे सगळं गाव नुसतं चालायला रस्त्यावर येतं. आजोबा, सुना, बाबागाड्या, सगळे नटूनथटून वर जातात आणि खाली येतात. मीही इस्त्रीचा कुर्ता घालून दोन फेऱ्या मारल्या. माझ्याशी बोलायला कुणी नव्हतं आणि मला कुणाशी बोलायचंही नव्हतं, तरी राग त्यांचाच आला. खोलीत परतून घरून आणलेली दशमी चटणीशी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला जायला फुरगॉन पकडली. फुरगॉन म्हणजे आपल्या वडापसारखी व्हॅन, भरली की सुटणारी. बॅग टपावर चढली, मी खिडकीशी बसले, पर्समधून निळ्या चौकटीचा रुमाल काढला आणि शेजारच्या जागेवर ठेवला. मुद्दाम नाही. बस दिसली की हात ते करतो, एवढंच.

ड्रायव्हर आला. रुमालाकडे बोट करून त्याने दोन बोटं वर केली: दोघं? माझी मान डोलली. मैसूरला राहून ती आपोआप डोलते. आणि त्या देशात मान आडवी हलवली की त्याचा अर्थ 'हो' होतो. ह्यांनी वहीत ते लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. मी वाचलंही होतं. खरं सांगायचं तर मला 'हो'च म्हणायचं होतं.

मग कांद्याच्या पातीची टोपली घेतलेली एक बाई आली. ड्रायव्हरने तिला रुमाल दाखवला आणि परत पाठवलं. बाकीच्या जागा भरल्या तरी गाडी सुटेना. ड्रायव्हरने कॉफी प्यायली, सिगारेट ओढली. मागच्या बाकावर चुळबुळ सुरू झाली. सगळे कुणाची तरी वाट बघत होते आणि मीसुद्धा खिडकीतून बाहेर बघत होते. पाणी आणायला गेलेत, गाडी हलली की येतील.

अखेर ड्रायव्हरने दारातून डोकं आत घातलं आणि तळहात उलटे करून विचारलं: कुठाय तुमचा माणूस?

मी वर बोट दाखवलं. त्याने टपाकडे पाहिलं. तिथे बॅगा होत्या. एरवी मी पोट धरून हसले असते. हेही हसले असते. मी रुमाल उचलला, त्याच्या चार घड्या घातल्या आणि मांडीवर ठेवला. ड्रायव्हर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने दार ओढलं आणि ती जागा रिकामीच ठेवून गाडी काढली.

टोपलीवाली बाई चौकातच उन्हात उभी होती. तिची जागा मी अडवली होती, आणि कुणासाठी? मी रडायला लागले ते गाव संपलं तरी रडतच होते. मागून एका म्हाताऱ्याने पालकाच्या पापुद्र्याच्या वडीचा तुकडा पुढे केला. तो रडत रडत खाल्ला.

उरलेले दिवस मी वहीबरहुकूम सगळं पाहिलं. छान होतं. सांगायला कुणी नव्हतं.

मैसूरला परतल्यावर आठवड्याने मी बेट्टदपुरची बस धरली. कशासाठी ते विचारू नका. खिडकीशी बसले आणि पर्स मांडीवर घट्ट धरली. गाडी भरत आली तेव्हा शेवग्याच्या शेंगांची जुडी घेतलेली एक बाई शेजारी थांबली. "इल्ली यारादरू बर्तारा?"

मान डोलायच्या आत मी ती आवरली.

"इल्ला," मी म्हणाले. "नम्म यजमानरु तीरकोंडरु. नीवु कूतकोळ्ळी."

नाही, माझे यजमान वारले, तुम्ही बसा. दोन वर्षं मराठीत न निघालेलं वाक्य कन्नडमध्ये निघालं. तिने एवढं कुठे विचारलं होतं? क्षणभर माझ्याकडे बघून ती बसली आणि शेंगा माझ्या पायाला टोचू नयेत म्हणून तिने आपल्या बाजूला वळवल्या.

गाडी हलली. सवयीने मी दाराकडे बघितलं. कुणी चढलं नाही.