सुरी हातात देऊ नये

“आधी हात दाखव,” असं म्हणून त्या आपला उजवा पंजा पुढे करायच्या आणि समोरच्याचा हात त्यात घेऊन उलटासुलटा करून बघायच्या. नवख्या माणसाला वाटायचं, बाई भविष्य सांगतात. त्या बघत असायच्या ते एवढंच, की या हाताला कुठली सुरी चालेल. आणि त्यांनी ठरवलेलं चुकलं असं म्हणायची आमच्या आळीत कुणाची छाती नव्हती.

आम्ही सगळे त्यांना सिस्टर म्हणायचो. उभा जन्म त्यांनी रत्नागिरीतच ऑपरेशन थिएटरमध्ये काढला होता. डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून हत्यारं हातात द्यायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर माझ्या शेजारच्या घरात एकट्याच असायच्या. नवरा केव्हाच गेलेला, मुलगा ठाण्याला. बाई अंगाने किरकोळ, पण आवाज असा की दगडी गडग्यापलीकडून हाक आली तरी मी हातातलं काम टाकून उभा राहायचो.

माझी आणि त्यांची खरी ओळख झाली ती माझ्या मूर्खपणामुळे. बायको शाळेत शिकवते, तिची बदली खेडला झाली. ती शनिवारच्या एस.टी.ने यायची. एरवी स्वयंपाक माझ्याकडे. मी मोठ्या हौसेने मोबाईलवरून सुऱ्यांचा एक संच मागवला. लाकडी ठोकळ्यात खोचलेल्या, काळ्या मुठींच्या, एकीपेक्षा एक लांब. ओट्यावर तो असा काही शोभायचा की कांदा चिरायच्या आधी मी जरा वेळ त्याच्याकडे बघत बसायचो.

सिस्टर विरजण मागायला आल्या आणि त्यांची नजर त्या ठोकळ्यावर गेली.

“हे काय रे? देव्हारा मांडलायस?”

“सुऱ्या आहेत, सिस्टर. चांगल्या कंपनीच्या.”

“कंपनी चांगली असेल. तू काय कापतोस?”

“कांदा, बटाटा… भाजी वगैरे.”

“मग एवढ्या कशाला मेल्या? घरात एक मोठी सुरी, एक छोटी आणि एक विळी. बाकीच्या नुसत्या बघायला.” त्यांनी सर्वांत लांब सुरी उपसली, उजेडात डोळ्यांसमोर आडवी धरली. “बघ. धार चमकते की नाय? लागलेली धार दिसत नसते. चमकली की समजायचं, बोथट आहे.”

मी बघितलं. खरोखरच पात्याच्या कडेला उजेडाची बारीक रेघ होती. मग त्यांनी मला चिरायला लावलं आणि नुसतं बोट दाखवलं. पातं अरुंद असल्यामुळे दर वेळी माझी बोटं पाटावर आपटत होती. इतके दिवस मी ते सोसत होतो आणि मला वाटत होतं, स्वयंपाक म्हणजे असाच असतो.

दुसऱ्या दिवशी त्या मला बाजारात घेऊन गेल्या. लोखंडी सामानाच्या त्या दुकानात सिस्टर शिरल्या की दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. “टोमॅटो आणलाय का, सिस्टर?” तो घाबरत विचारायचा. आणलेला असायचाच. त्यांच्या पर्समध्ये एक पिकलेला टोमॅटो असल्याशिवाय त्या सुरी घ्यायला जात नसत. पात्याचं वजन टेकवलं की साल फुटली पाहिजे, दाब द्यावा लागला तर सुरी परत. पण टोमॅटोची पाळी शेवटी. आधी मुठीत शिरलेलं पोलाद शेवटपर्यंत गेलंय की अर्ध्यातच संपलंय ते बघायच्या. मग पातं आणि मूठ जिथे मिळतात तिथे एका बोटावर सुरी तोलायच्या. मग दुकानदाराकडून पाणी मागून घेणाऱ्याला हात ओला करायला लावायच्या. “कोरड्या हातात सगळ्याच सुऱ्या बऱ्या वाटतात. मासळीने हात बुळबुळीत झाला की कळतं, कोण आपली आणि कोण परकी.”

आणि मग तो प्रश्न, जो त्या सर्वांनाच विचारायच्या. “तू पुसणारा आहेस की नाय?”

आपल्याकडची हवा तुम्हाला ठाऊक आहे. खिळासुद्धा डब्यात गंजतो. साध्या पोलादाची सुरी धारेला उत्तम, पण चिरून झाल्या झाल्या पुसून ठेवली नाही तर दुसऱ्या दिवशी तांबूस. लग्न ठरलेल्या मुलींना त्या हेच विचारायच्या. एक मुलगी पटकन म्हणाली, “पुसेन हो.” सिस्टर तिच्या आईकडे वळल्या, “पुसते का गो ही?” आईने मान खाली घातली. मुलीला स्टेनलेस मिळाली. मला पण स्टेनलेसच मिळाली. माझ्यासाठी उत्तर बायकोने फोनवरून दिलं होतं.

त्यांचं स्वतःचं कापणं बघणं हा मात्र वेगळाच सोहळा. त्यांच्या ओट्याशी उभं राहिलं की माझं बोलणं आपोआप थांबायचं. सुरमई पाटावर आली की त्या क्षणभर तिच्यावरून बोटं फिरवायच्या, काटा कुठे आहे ते समजून घेतल्यासारख्या. मग सुरी चालायची ती घाई नाही, जोर नाही, आवाजसुद्धा जेमतेम. तुकड्या अशा पडायच्या की सगळ्या एकाच साच्यातून काढल्यात. सुरीला धार कमी वाटली तर लोणच्याची चिनी मातीची रिकामी बरणी उपडी करून तिच्या बुडाच्या खरखरीत कडेवर पातं दोनदा ओढायच्या आणि पुन्हा कामाला लागायच्या. मला सांगायला लाज नाही, मी विरजणाच्या निमित्ताने मुद्दाम मासळीच्या वेळेला जायचो.

एक गोष्ट मात्र त्या कटाक्षाने पाळायच्या. सुरी कधी कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत. ओट्यावर ठेवायच्या, मूठ घेणाऱ्याकडे करून, आणि म्हणायच्या, “उचल.” सुरी हातात दिली की भांडण होतं, हे आपल्या घराघरात ऐकलेलं. पण यांच्या तोंडून? मी एकदा चिडवलंच.

“सिस्टर, तुम्ही जन्मभर हत्यारं हातातच दिलीत की!”

“तिथे भांडायला वेळ कुणाला होता?” त्या म्हणाल्या. मग हात पुढे करून दाखवलं. “डॉक्टर बघत नसतो. असा नुसता पंजा करतो. त्याने मागायच्या आधी आपल्याला कळायला हवं, आणि असं टेकवायचं की हाताला समजलं पाहिजे, आलं.” माझ्या तळव्यावर त्यांनी चमच्याची दांडी हलकीच आपटली. चमचाच, सुरी नव्हे. त्या आपटण्यात काय होतं सांगता येत नाही, पण माझी बोटं आपोआप मिटली.

त्या हाताला कापरं सुटलं ते मी आधी कानांनी ओळखलं. त्यांच्या खिडकीतून भाजी चिरण्याचा आवाज यायचा तो एकसारखा. एक दिवस तो अडखळला. मग चहाची बशी वाजायला लागली. डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. मुलाचा फोन आला, आणि सिस्टरनी तो माझ्यासमोरच घेतला.

“आई, गॅस, सुऱ्या, आणि तू एकटी. नको आता. ठाण्याला ये.”

“माझी मासळी मी कापते तोवर मी इथे,” त्या म्हणाल्या. “कापता आली नाय की स्वतःहून पिशवी भरीन.”

“मी दिवाळीनंतर येतो. डोळ्यांनी बघतो, मग ठरवू.”

“ये. सुरमई करते.”

फोन ठेवल्यावर त्या पुसलेला ओटा पुन्हा पुसत राहिल्या. ते घर त्यांनी रात्रपाळ्या करकरून बांधलं होतं. परसातला शेवगा, खिडकीतून दिसणारी खाडीची चिमूटभर चकाकी, ओट्याची त्यांच्या उंचीला बेतलेली ठेवण. ठाण्याच्या घरात सून प्रेमाने सांभाळली असती, पण ओटा तिचा होता. मला त्यांच्याकडे बघवेना. मी उठणार तोच त्या म्हणाल्या, “उद्या बाजारात चल. या खेपेला हात माझा आहे.”

दुकानात त्यांनी स्वतःचा उजवा हात डाव्या हातात घेतला आणि दुसऱ्या कुणाचा बघावा तसा बघितला. दया नाही, राग नाही. बोटं थरथरत होती. दुकानदाराने आणि मी, दोघांनीही हलक्यात हलक्या सुऱ्या पुढे केल्या. त्यांनी सगळ्या बाजूला सारल्या.

“हलकी या हाताबरोबर नाचते. जड दाखव.”

जन्मभर बायकांना “जड घेऊ नकोस गो, मनगट दुखेल” सांगणारी बाई! शेवटी त्यांनी एक रुंद, जाड पाठीची, कसायाकडे शोभेल अशी सुरी घेतली. साध्या पोलादाची. दुकानदार म्हणाला, “ही पुसावी लागेल, सिस्टर.” त्यांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो गिऱ्हाईक नसलेल्या बाजूला निघून गेला.

घरी आणून त्यांनी मुठीला सुती पट्टी गुंडाळली, पकड जाड व्हावी म्हणून. आणि सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी बटाटा निसटला, दुसऱ्या दिवशी बोटाला लागलं. स्वतःच मलमपट्टी करून त्या पुन्हा उभ्या. हळूहळू त्यांनी नवी रीत काढली. सुरी उचलायचीच नाही. टोक पाटावर टेकलेलं ठेवायचं, मागची बाजू तेवढी वरखाली. मासळीला पातं आडवं ठेवायचं आणि पाठीवर डाव्या तळव्याने दाबायचं. सुरी टेकली की थरथर तिच्या वजनाखाली दबून जायची. फक्त एक गोष्ट जमेना. ओट्यावरची सुरी उचलताना हात हवेत असायचा, आणि पातं ग्रॅनाइटवर खडखड वाजायचं. तो आवाज झाला की त्या डोळे मिटून घ्यायच्या.

मुलगा आला. सकाळी मिरकरवाड्याच्या बंदरावर जाऊन मी चांगली सुरमई आणली. मला मदतीला बोलावलं होतं. मुलगा स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभा. भला माणूस, आईवर जीव असलेला. त्याला तिला हरवायचं नव्हतं, तिला काही होऊ नये एवढंच हवं होतं.

सिस्टरनी मासळी धुतली, पाटावर घेतली, बोटं फिरवली. सुरी ओट्याच्या माझ्याकडच्या टोकाला राहिली होती. त्यांच्या ते लक्षात आलं, माझ्याही. रीतीप्रमाणे मी ती सरकवायची, आणि त्यांनी उचलायची. म्हणजे ती खडखड, मुलाच्या देखत.

त्यांनी मान वळवली नाही. मासळीवरची नजर तशीच ठेवून उजवा पंजा माझ्याकडे पसरला आणि म्हणाल्या, “सुरी.”

मी मूठ त्यांच्या तळव्यावर टेकवली. हाताला समजेल अशी.

बोटं मिटली. पातं सुरमईवर उतरलं, थरथर थांबली, आणि पहिली तुकडी अलगद बाजूला झाली. मग दुसरी, मग तिसरी. साच्यातून काढल्यासारख्या. मी त्या स्वयंपाकघरात कितीदा तरी उभा राहिलो होतो, पण असं काही बघितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी उगाच कोकमं शोधायला वळलो.

शेपटीचा तुकडा कापून झाल्यावर त्या मला म्हणाल्या, “दिलीस हातात? आता आपलं भांडण होणार हो!”

मुलगा हसला. हातांची घडी सुटली. जेवताना त्याने दोन तुकड्या जास्त घेतल्या, आणि परतीच्या गाडीत बसताना आईला म्हणाला, “काही लागलं तर यांना हाक मार.” पिशवी भरली गेली ती त्याचीच, खोबऱ्याच्या वड्यांनी.

त्यानंतर त्यांच्याकडे मासळी असली की मी जायचो. पसरलेल्या पंज्यावर सुरी टेकवायची, एवढंच माझं काम. प्रत्येक वेळी त्या विचारायच्या, “अजून कसं भांडलो नाय रे आपण?” मी म्हणायचो, “मुहूर्त बघतोय.”

त्या गेल्या त्या आपल्याच घरात. सकाळी हाक आली नाही म्हणून मी गेलो, तर खुर्चीत बसल्या जागी मान कलली होती. ओट्यावर सुरी पुसून ठेवलेली होती. हात मांडीवर होता, स्वच्छ, स्थिर. कापरं सुटल्यापासून मी पहिल्यांदाच तो इतका शांत बघितला आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर मुलगा ती सुरी घेऊन माझ्याकडे आला. हातात दिली नाही. ओट्यावर ठेवली, मूठ माझ्याकडे करून, आणि म्हणाला, “उचला.” मुठीवर अजून तीच पट्टी आहे. मी ती न चुकता पुसतो, बायकोला खरं वाटत नाही.

सुरी हातात दिली की भांडण होतं म्हणतात. आम्ही दिली आणि घेतली, कितीदा तरी. भांडण तेवढं राहून गेलं.