पॅकेजांची भांडणं आणि मॅडमची लॅब

एक किस्सा सांगायला घेतला की तो एकटा येत नाही. लिनक्स या कॉम्प्युटर प्रणालीत प्रोग्रॅम पॅकेज म्हणून येतात, त्यांच्यासारखंच आहे हे. एक प्रोग्रॅम मागवावा, तर तो चार सोयरे बरोबर घेऊन येतो आणि त्यातल्या एकाचं घरातल्या जुन्याशी पटत नाही. मग भांडण. असली भांडणं मिटवायला आम्ही दर रविवारी कोल्हापुरात सलीमभाईंच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात जमतो. मी, सलीमभाई, गडहिंग्लजहून एसटीने येणारे शिवाअण्णा आणि गारगोटीजवळच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या कांबळे मॅडम.

गेले काही रविवार गाजले ते मॅडमच्या लॅबमुळे. कुणीकुणी टाकून दिलेली मशीन जमवून त्यांनी शाळेत लॅब उभी केली. मुख्याध्यापकांनी बजावलं होतं, "महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत सगळ्या मशीनवर भूमितीचा प्रोग्रॅम चालला पाहिजे. नाहीतर खोली खेळाच्या सामानाला."

आणि भूमिती काही केल्या बसेना!

* * *

घोळ असा होता, की भूमितीच्या प्रोग्रॅमला एका फाइलची नवी आवृत्ती हवी होती आणि आधीच बसलेल्या दुसऱ्या कुठल्यातरी पॅकेजला तीच जुनी. अण्णांना ते पटेना.

सलीमभाई म्हणाले, "अण्णा, पैलवान दोन आन् लंगोट एक. कुस्ती कशी लागंल?"

"मग एकाला घरी लावून द्या की."

"त्येच करतंय मशीन. पण त्याच्यासंगं वस्ताद, आखाडा, तांबडी माती, समदंच घरी लावून देतंय."

* * *

अण्णांना हे प्रत्यक्ष बघायचं होतं. मॅडमनी दुकानात आणलेल्या एका मशीनवर त्यांनी जबरदस्तीने भूमिती बसवायला घेतली. काय काय काढावं लागेल याची यादी पडदाभर आली. खाली मशीनने विचारलं, खरंच करायचं असेल तर अख्खं वाक्य टाइप करा, 'येस, डू अॅज आय से'.

सलीमभाई ओरडेपर्यंत अण्णांनी एकेक अक्षर शोधत वाक्य पुरं केलं होतं.

पडदा काळा. खिडक्या गेल्या, चित्रं गेली, माउसचा बाणही गेला.

"अण्णा, वाचलं न्हाईसा व्हय काय जाणार ते?"

"वाचलं की. पण 'मी सांगतो तसं कर' असं म्हणायची संधी आजवर कुणी दिली नव्हती. आन् बघा, ऐकलं बी त्यानं."

* * *

ते मशीन सलीमभाईंनी पुन्हा पहिल्यापासून उभं केलं. पॅकेज आहे त्या आवृत्तीवर धरून ठेवायची सोय असते, ती त्यांनी अण्णांना शिकवली. पुन्हा काही जायला नको म्हणून अण्णांनी दिसेल ते पॅकेज धरून ठेवलं. आता नवीन काहीच आत येईना. पडद्यावर इंग्रजीत तक्रार आली.

"काय म्हणतंय?" अण्णांनी विचारलं.

"तुम्ही मोडकं धरून बसलाय म्हणतंय," मी वाचून सांगितलं.

अण्णा शांतपणे म्हणाले, "आमच्या घरात बी हेच म्हणत्यात."

* * *

तो शनिवार आला. मी मॅडमबरोबर शाळेत गेलो. भांडणावर एकामागून एक तोडगे सुचवणारा पॅकेज मॅनेजर या वेळी वापरून बघायचं ठरलं होतं. तोडगा पटला तर येसचा वाय दाबायचा, दुसरा हवा असेल तर नोचा एन. तेवढ्यात मुख्याध्यापक कुलूप हातात घेऊनच आले आणि मागे उभे राहिले.

पहिला तोडगा आला : भूमिती बसवू नका, आहे तसंच राहू द्या.

"शहाणं हाय," मुख्याध्यापक सर म्हणाले.

मॅडमनी एन दाबलं. दुसरा तोडगा : मराठी टायपिंग काढा. एन. तिसरा : प्रिंटर काढा. एन.

"इतक्यांदा न्हाय म्हटलं तर चिडत न्हाय?"

"नाही सर. नवीन वाट शोधतं."

चौथा : कुणीच न वापरलेला, गाणी वाजवायचा जुना प्रोग्रॅम काढा. मॅडमनी वाय दाबलं. थोड्या वेळाने पडद्यावर त्रिकोण उभा राहिला! मग दुसऱ्या मशीनवर, मग तिसऱ्या. शेवटच्या मशीनपर्यंत सर जागचे हलले नाहीत.

"झ्याक," ते म्हणाले. "पण खेळाचं सामान आलंय, मॅडम. निम्मी खोली त्याला देऊया."

मॅडमनी पडद्यावरची नजर काढली नाही. "एन, सर."

सर थांबले. "मग जिन्याखाली?"

"एन. तिथं पोरींच्या सायकली असतात."

सरांनी कुलूप या हातातून त्या हातात घेतलं. 

"मग माझ्या केबिनात?"

मॅडमनी खुर्ची वळवली. "वाय."