मोहन्याच्या टेकडीवर हरेश मागे का राहायचा?

मी मुळात संशयी माणूस. भाजीवाल्याने स्वतःहून कोथिंबीर घातली, तर आतला टोमॅटो नासका असणार असं मला वाटतं. त्यामुळे या डिसेंबरात येऊरच्या चढावर मी सलग हरेशच्या आधी वर पोचायला लागलो, तेव्हा आनंद व्हायच्या आधी प्रश्न पडला: हा मुद्दाम हरतोय का?

हरेश माझा धावण्यातला सोबती. मी बाळकुमच्या एका टॉवरमध्ये राहतो, तो पलीकडे जुन्या कोळीवाड्यात. बर्फाच्या गोदामाचा हिशेब बघतो आणि पोरासारखा पळतो. आमचा ठरलेला रिवाज आहे: वर मागून पोचेल त्याने नाश्ता द्यायचा. इतकी वर्षं तो मीच देत आलो. आता तो देत होता, तेही हसत. हरल्यावर हसणारा हरेश मी कधी पाहिला नव्हता.

उन्हाळ्यात मला एकदा धावताना चक्कर आलेली. तेव्हापासून मनीषा, म्हणजे बायको, काळजीत असते. तिनेच त्याला ‘भावजी, याला दमवू नका’ असं सांगितलं असणार, हे मी मनात पक्कं करून टाकलं. पन्नाशीच्या तोंडावर माणूस खरंच सुधारला, की त्याला दयेची भीक मिळतेय, हे कळायला नको? म्हणून मीच दोन दिवसांचा बेत काढला: शनिवारी येऊर, रविवारी मोहने.

शनिवारी उपवन तलावापाशी गाडी लावली. तुम्ही येणार असाल तर स्वेटर गाडीत ठेवा, पहिल्याच वळणावर घाम फुटतो. चढावर पावलं आखूड टाका, हात नीट हलवा, आणि उतरताना चक्क चाला, गुडघे दुवा देतील. झाडांखाली अजून काळोख होता. हरेशच्या हातात टॉर्च होती आणि तिचा झोत सारखा माझ्या टाचांवर.

“रस्त्यावर मार ना,” मी म्हटलं.

“तू पळ रं. माझं बरोबर चाललंय.”

आजाऱ्याला संडासापर्यंत न्यावं तसा मला तो वर नेत होता. मी पुन्हा पहिला आलो आणि पुन्हा मला काही गोड लागलं नाही. त्याने घेतलेला वडापाव मी चिडूनच खाल्ला.

रविवारी पहाटे निघालो. कशेळीचा पूल, रांजनोली, कोन, मग दुर्गाडीच्या पुलावरून कल्याण. ट्रक सुरू व्हायच्या आत हा रस्ता संपवा, नाहीतर व्यायाम गाडीतच होतो. हल्ली गाडी मीच चालवायचो. हरेशची बाइक महिनाभर ‘सर्व्हिसिंगला’ होती. कोणती बाइक महिनाभर सर्व्हिसिंगला असते? मी तेही मनात टिपून ठेवलं होतं.

शहाडवरून मोहन्याला वळलं की जुन्या कारखान्याची भिंत लागते, आणि पुढे आंबिवलीच्या बाजूला टेकडी. उंची बेताचीच, पण वाट मुरुमाची, मध्ये सुटे दगड. साध्या गुळगुळीत तळाचे बूट आणू नका. माथ्यावर लहानसं देऊळ आणि घंटा.

मी सापळा ठरवला होता. अर्ध्या चढावर एक मोठा कातळ आहे. वळण घेताच मी टॉर्च विझवून त्याच्या आड शिरलो. मी दिसेनासा झालो की हरेश आपल्या खऱ्या वेगाने पुढे सुटणार आणि चोरी पकडली जाणार.

हरेश वळणावर आला आणि जागच्या जागी थांबला. टॉर्चचा झोत डावीकडे गेला, उजवीकडे गेला. मग त्याने मोकळा हात पुढे केला आणि हवेत चाचपला.

“सुधीर? कयं गेलास रं?”

मी त्याच्यापासून चार हातांवर उभा होतो. त्याने एक पाऊल टाकलं, दगड निसटला, तो झुडपाला धरून कसाबसा सावरला. “सुधीर!” या वेळी आवाज घाबरलेला होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की ‘इथे आहे’ म्हणायलाही वेळ लागला.

दोघे कातळावर बसलो.

“मना अंधारात दिसत नाय रे. दिवाळीपासून,” तो म्हणाला. “दिवसा ठीक असतंय. तुझ्या बुटांना मागं ती चमकणारी पट्टी हाय ना, तिच्यावर टॉर्च धरतो न् येतो पाठी.”

“घरी वहिनींना सांगितलंस?”

“सांगितलं तर माधुरी पळायला सोडंल काय? बाइक सर्व्हिसिंगला हाय सांगून लपवली, तेवढं बास.”

“आणि डॉक्टर?”

डॉक्टरकडे तो गेलाच नव्हता. तो डोळ्यांना घाबरत नव्हता, डॉक्टर काय म्हणेल त्याला घाबरत होता.

उजाडल्यावर त्याने बुटांची नाडी आवळली. “चल, आता खरं पळू.” खालून पुन्हा चढलो. मी पोचेपर्यंत त्याने घंटा वाजवून देवाशी गप्पाही उरकल्या होत्या. शहाडला मिसळ मी दिली, दोघांचे मिळून दोनशेच्या आत. तिखट सांभाळून घ्या, रिकाम्या पोटी लागतं.

घरी मनीषाला विचारलं, “हरेशला तू सांगितलेलंस ना, मला जिंकू दे म्हणून?”

“मी? मी तर म्हटलेलं, याला जरा पळवा, पोट सुटलंय.”

त्याच आठवड्यात मी माधुरी वहिनींच्या कानावर घातलं आणि आम्ही दोघं हरेशला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. तपासण्या चालू आहेत, डॉक्टरांनी अजून ठाम काही सांगितलेलं नाही. रात्री झोप लागत नाही, असं तो मला एकट्याला म्हणाला. डॉक्टरांनी एकट्याने अंधारात धावायला मात्र बंदी घातली आहे.

म्हणून पुढच्या रविवारी आम्ही पहाटेच्या अंधारातच, पण जोडीने, पुन्हा मोहन्याला गेलो. हरेशने माझ्या कमरेच्या पट्ट्याला दोन बोटं अडकवली. मी पुढे, आणि तोंडाची टकळी चालू: “डावीकडे दगड. आता खड्डा. मुळी आहे, पाय उचल. आखूड टाक, आखूड. परत दगड.” असं थेट माथ्यापर्यंत. घंटा दोघांनी एकदमच वाजवली, त्यामुळे नाश्ता कोणी द्यायचा यावरून भांडण झालं.

“एवढा बडबडत चढलास, दम नाय लागला?” हरेशने विचारलं.

मागच्या हिवाळ्यात याच चढावर मला नुसतं ‘पाणी’ म्हणवत नव्हतं.

घरी आल्यावर घड्याळ तपासलं. या हंगामातला आमचा सगळ्यात संथ चढ. मनीषाने खांद्यावरून डोकावून विचारलं, “काय, आहे का काही सुधारणा?”

“आहे,” मी म्हटलं, आणि घड्याळ चार्जिंगला लावलं.